जीनच्या फाटकाबाहेरच्या बहिणी

संपादक स्वतः घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही इतकी वर्षं लहान मुलं सांभाळलीत. त्यातले काही गोड अनुभव लिहा. दिवाळी आहे, वाचकांना प्रसन्न वाटलं पाहिजे." मी त्यांना तेव्हाच सांगितलं की माझ्याकडे गोड अनुभव फार थोडे आहेत, आणि जे आहेत त्यातले निम्मे एका बकरीचे आहेत. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

उठता उठता ते आणखी एक बोलले, आणि खरं तर त्या बोलण्यामुळेच मी हे लिहायला बसले. ते म्हणाले, "काही म्हणा, गरिबांची मुलं जात्याच काटक असतात. कशीही वाढतात." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. मॅनेजरकडून ऐकलं, डॉक्टरकडून ऐकलं, मोटारीतून उतरणाऱ्या बायकांकडून तर फारच ऐकलं. दर वेळी माझं डोकं फिरतं. जात्याच काटक कुणी नसतं हो. जे मूल तगतं त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं असतं, आणि तुम्हाला ते माणूस दिसत नाही इतकंच. दिसत नाही म्हणून तुम्ही त्याला हाकलून देता. मग मूल मेलं की म्हणता, दैव.

माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. घर शेतकऱ्याचं. लग्न लवकर झालं, नवरा त्याहून लवकर गेला. भावाने हट्ट धरला म्हणून शिकले, सुईणपणाचं आणि मुलांच्या शुश्रूषेचं शिक्षण घेतलं आणि जळगावला एका जिनिंग कारखान्यात पाळणाघराची बाई म्हणून लागले. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. जिथे बायका जास्त, तिथे त्यांच्या लेकरांसाठी एक खोली असावी, असा सरकारी आग्रह तेव्हा सुरू झाला होता. आमच्या शेठजींनी सरकीच्या गोदामाचा एक कोपरा पत्रे ठोकून वेगळा केला, वर पाटी लावली, आत मला बसवलं. झालं पाळणाघर.

ज्यांनी जीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की खानदेशभरातून कपाशीच्या गाड्या यायला लागतात. अंगणात कपाशीचे डोंगर उभे राहतात. आत लांबलचक शेडमध्ये यंत्रांच्या रांगा आणि प्रत्येक यंत्रापुढे एक बाई. तिने मूठमूठ कपास यंत्राच्या तोंडात सारत राहायचं. रुई पुढे पडते, सरकी खाली गळते, आणि बारीक कापूस हवेत उडतो तो बाईच्या केसांत, भुवयांत, नाकात. आवाज असा की शेजारणीला हाक मारायची तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. हंगाम उन्हाळ्यापर्यंत चाले. बायका अमळनेर, पारोळा, एरंडोलकडच्या गावांतून नवऱ्यांबरोबर येत आणि रेल्वे लाइनीपलीकडे झोपड्या टाकून राहत. पाळणाघर नव्हतं तेव्हा त्या अंगावरच्या पोराला कपाशीच्या ढिगावर निजवत. ढीग मऊ असतो, पोर छान झोपतं, आणि हळूहळू आत रुततं. अशी दोन पोरं वेळेवर सापडली होती. एक सापडलं नव्हतं.

मी गेले तेव्हा माझ्या खोलीत पाळणे नव्हते. वासे होते. बायकांनी जुन्या लुगड्यांच्या झोळ्या वाशांना बांधल्या आणि काम सुरू झालं. पहिल्या हंगामात माझी जी करमणूक झाली ती सांगून टाकते, म्हणजे संपादकांचा शब्द राहील.

यावलकडची एक केळीवाल्यांच्या मळ्यातून आलेली सून होती. तिच्या अंगावर दूध नव्हतं. पोर बकरीच्या दुधावर होतं. तिचा सासरा, सगळे त्यांना नाना म्हणत, रोज सकाळी एका काखेत नातू आणि दुसऱ्या हातात बकरीचं दावं घेऊन यायचे. मी म्हटलं, "नाना, दूध काढून भांड्यात आणा." ते म्हणाले, "बाई, हे दोघं एकमेकाला पाहिल्याबिगर खात नाहीत." मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण खरंच, बकरी बाहेर बांधली की पोर रडे आणि पोर रडलं की बकरी कासावीस होऊन दूध चोरी. शेवटी खोलीच्या दारात बकरी, उंबऱ्यावर नाना आणि नानांच्या मांडीवर पोर असा हंगाम गेला. पोर बाळसेदार झालं. बकरीने माझी एक चप्पल आणि शेठजींच्या पाटीचा दोर खाल्ला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बकरीनंतरच्या गोष्टी गोड नाहीत.

तुम्हाला बाळगोळी माहीत असेल. माहीत नसेल तर तुमच्या आजीला विचारा, ती सांगणार नाही. राईएवढी अफूची गोळी, दुधात उगाळून पोराला चाटवायची. पोर गपगार पडतं, आई कामाला जाते. गरीब बायकाच देत असं नाही. चांगल्या चांगल्या वाड्यांतून दाया देत असत आणि मालकिणींना ते माहीत असे. पण वाड्यातल्या पोराला दुपारी कुणीतरी हलवून उठवी, दूध पाजी. झोपडीतल्या पोराला कोण उठवणार? ते दिवसभर पडून राही, भूकही विसरून जाई. डोळे खोल, पोट पुढे, कातडी सैल. मग एक दिवस साधं जुलाबाचं निमित्त होई आणि सगळं संपे. आई ऊर बडवी, आणि पुढचं पोर झालं की पुन्हा गोळी उगाळी, कारण पोर रडतं ठेवून रोजंदारीला जाता येत नाही. मी सुरुवातीला या बायकांवर खूप ओरडले. ओरडून काही होत नाही हे कळायला मला अर्धा हंगाम लागला.

गोळी सुटली ती माझ्यामुळे नाही. बहिणींमुळे सुटली. प्रत्येक पोराबरोबर घरची एक मोठी मुलगी येई, आठ-नऊ वर्षांची. कधी बहीण, कधी आत्या, कधी मावशी. आई पहिल्या भोंग्याला धावत पुढे जाई. ही मागून पोराला कडेवर घेऊन येई आणि दिवसभर झोळीशी बसे. पोराला काय हवं ते मला कळायच्या आधी हिला कळे. पोर माझ्या हातून दूध पीत नसे, हिच्या हातून पिई. मी या मुलींना काय करायचं ते शिकवलं: नाक कसं पुसायचं, पाणी कसं उकळायचं, आणि सकाळी आल्या आल्या मला कानात सांगायचं की घरात पोराला काही चाटवलं का. मुली खोटं बोलत नसत. "अक्का, आज याले काहीच दिधं नही" म्हणताना त्यांचे डोळे चमकत. आणि दिलं असेल तर तेही सांगत, कारण पोर त्यांचं होतं. मग मी त्या पोराला दर थोड्या वेळाने उठवी, पाजी, फिरवी. आयांना कळून चुकलं की इथे पोर रडलं तर कुणीतरी घेतं. मग गोळ्या आपोआप कमी झाल्या. दोन हंगामांत माझ्या खोलीत झोपाळू पोर औषधालाही उरलं नाही. गोंगाट मात्र असा की शेडमधली यंत्रं बरी.

या मुलींमधली एक तुळसा. सावळी, काटकुळी, बोलायला फटकळ. तिच्या कडेवर तिचा भाऊ भिकन असे. आमच्याकडे आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव भिकन ठेवतात, म्हणजे भिकेत मागून घेतलेला, दैवाने नजर लावू नये असा. यावरून काय ते समजा. त्यांची आई सुपडाबाई शेडमध्ये यंत्रावर, बाप रुईच्या गाठी वाहायला, आणि घरी एक म्हातारी आजी. भिकन अंगाने किरकोळ पण भलता खोडकर. तुळसा दिसली की दोन्ही हात वर करून हसायचा आणि ती दिसेनाशी झाली की ओरडून आभाळ डोक्यावर घ्यायचा. तुळसा त्याला दटावे, "ए भिक्या, मी काय मरी गयी का?" आणि पुन्हा कडेवर घेई.

आणि मग समिती आली.

शहरातल्या वकील-व्यापाऱ्यांच्या बायकांनी बालकल्याणासाठी ती काढली होती. चिटणीस होत्या त्यांना सगळे माईसाहेब म्हणत. बाई शिकलेली, स्वच्छ, पहाटे उठून सूत कातणारी. तिच्या मनात वाईट नव्हतं, आणि याचाच मला अधिक संताप येतो, कारण वाईट माणसाशी भांडता तरी येतं. समितीने खोलीला चुना दिला, लुगड्यांच्या झोळ्या काढून लाकडी पाळणे आणले, मुलांना पांढरी झबली शिवली. इथपर्यंत माझे त्यांना धन्यवाद. नानांची बकरी हद्दपार झाली, तेही मी समजू शकते.

मग नियम झाले. दूध घड्याळावर. आईने घंटा होईपर्यंत यायचं नाही. जे मूल सतत रडून इतरांना त्रास देईल त्याला ठेवून घ्यायचं नाही. आणि मोठ्या मुलींना फाटकाच्या आत बंदी. कारण? त्या घाण आणतात, त्यांच्या डोक्यात उवा असतात, शिवाय त्यांचं वय शाळेचं आहे.

मी म्हटलं, "माईसाहेब, शाळेचं म्हणता ते अगदी खरं. घाला त्यांना शाळेत. मीच नेऊन पोचवते. पण त्यांच्या जागी इथे कोण बसणार?"

त्या म्हणाल्या, "आपण आहात ना. शिवाय मुलांना एका शिस्तशीर वातावरणाची सवय झाली पाहिजे. ही सारखी कडेवर घ्यायची खोडच वाईट. त्याने मूल लाचार होतं."

"कडेवर घेतलं म्हणून लाचार झालेलं मूल मी पाहिलं नाही. खाली ठेवून ठेवून मेलेली पाहिली आहेत."

"अक्का, आपण फार चिडता," त्या म्हणाल्या.

मी चिडते. देवाने मला तेवढीच देणगी दिली आहे. मॅनेजरकडे गेले, त्याच्याशी भांडले. त्याने सांगितलं, समितीच्या बायकांचे यजमान शेठजींचे मित्र आहेत, मला यात ओढू नका. मी हरले. शाळेत एकही मुलगी घातली गेली नाही. कुणी घालणार होतं असं मला वाटतही नाही. मुली रोज यायच्या आणि फाटकाबाहेर भिंतीला टेकून उन्हात बसायच्या. आत पोर रडलं की बाहेर त्याची बहीण उठून उभी राही. आवाजावरून प्रत्येकीला आपलं ओळखू येई. मी एकटी, पोरं तीसच्या वर. तुम्हीच सांगा, किती जणांना उचलणार?

फाटकावर एक म्हातारा परदेशी, म्हणजे उत्तरेकडचा, जमादार होता, पलटणीतून निवृत्त झालेला. हुकूम म्हणजे हुकूम असं त्याचं. मुली गयावया करत. तो काठी आडवी धरून म्हणे, "हटो, हटो, हुकूम नहीं है."

आता पुढचं ध्यानात घ्या. रडणारं पोर परत पाठवणार, असा नियम. पोर परत पाठवलं की आईचा रोज बुडणार, आणि दोन-चार दिवस बुडाला की यंत्रावर दुसरी बाई बसणार. आणि पोराला हसवणारी मुलगी बाहेर उन्हात. मग पोर गप्प राहावं कसं? तुम्हाला उत्तर सुचलं असेल. त्या बायकांनाही सुचलं. मला पुन्हा पाळण्यापाळण्यांत झोपाळू पोरं दिसायला लागली. मी आयांना विचारी, त्या मान हलवत, "नही अक्का, काहीच नही." कानात खरं सांगणारी फाटकाबाहेर होती. माईसाहेब एका सकाळी येऊन शांत पाळणे पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "पाहिलंत? शिस्त लागली." त्यांच्या अहवालातही तसंच छापून आलं.

सुपडाबाईने मला शपथेवर सांगितलं होतं की ती भिकनला गोळी देत नाही. ती देत नव्हतीही. तिने सासूलाही शपथ घातली होती. पण भिकन हा तुळसाशिवाय रडणारच. दोनदा त्याला परत पाठवायची वेळ आली, दोन्हीदा मी नियम गिळून त्याला ठेवून घेतलं. तिसऱ्यांदा तो रडत असताना माईसाहेब नेमक्या समोर होत्या. त्यांनी सुपडाबाईला बोलावून स्वतः ताकीद दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुपडाबाई पाण्याला गेली असताना म्हाताऱ्या आजीने सुनेची नोकरी जाऊ नये म्हणून, सुनेला कळू न देता, नातवाला गोळी चाटवली. सुपडाबाई पाणी घेऊन आली, पोर उचलून निघाली. तिच्या पदराच्या गाठीत दुसरी गोळी होती. फाटकाशी येऊन, मला कळू नये म्हणून भिंतीआड बसून तिने ती पोराला दिली. दोघींनी एकमेकींपासून लपवलं, आणि दोघींना वाटलं आपण घर वाचवतोय.

तुळसाने आजीला पाहिलं होतं. आईच्या पदराची गाठही तिने पाहिली होती. ती आईच्या मागे धावत सुटली. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, मालगाडी जात होती. ती पोचली तोवर आई आत गेली होती आणि जमादाराने काठी आडवी धरली होती.

"माले मझार जाऊ द्या, बाबा. अक्काले सांगनं शे."

"हुकूम नहीं है."

ती पुन्हा आली. त्याने पुन्हा हटकलं. ती फाटकाच्या गजांना धरून माझ्या नावाने ओरडत होती. आत यंत्रं सुरू होती. शेजारणीचा शब्द ऐकू येत नाही तिथे फाटकावरच्या पोरीचा कुठून यावा?

दुधाची घंटा झाली तेव्हा सुपडाबाई आली. भिकन उठेना. मी त्याला घेतलं. मान लुळी, ओठ काळे-निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास इतका सावकाश की दोन श्वासांच्या मध्ये मला माझंच काळीज ऐकू येत होतं. मी सुपडाबाईला हलवून विचारलं, काय दिलंस? ती म्हणाली, "एकच. एकच दिधी, अक्का." एकीने असं होत नाही. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी सांगितलं की तुळसा सकाळपासून फाटकावर ओरडतेय. मी पोराला घेऊन तशीच धावले. फाटकाच्या गजांतून ती म्हणाली, "डोकरीनी बी दिधी, अक्का. मायनी बी दिधी. मी सकायपासून सांगी राहिनू."

टांगा केला. मी त्याला उभं धरलं होतं, तळव्यांवर मारत होते, तोंडावर पाणी शिंपडत होते. तुळसा टांग्यामागे धावत होती आणि त्याला हाका मारत होती. एकदा त्याने डोळे किलकिले केले. दवाखान्यात डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. दुपार कलायच्या आत भिकन गेला.

मी अशा वेळी रडत नाही. मला राग येतो, आणि तो राग मला कुठे ठेवू हे कळत नाही. त्या दिवशी मी आधी मॅनेजरच्या खोलीत गेले. तो म्हणाला, पोलिसांना कळलं तर सुपडाबाईच अडकेल, तेव्हा गप्प बसा. समितीने ठराव केला: अडाणी मातांच्या अज्ञानामुळे घडलेल्या दुर्दैवी घटनेबद्दल खेद. हे शब्द मला आजही पाठ आहेत.

पण खरं संकट झोपडीत होतं. मी तिसऱ्या दिवशी तिकडे गेले. सासू सुनेला म्हणत होती, तू मारलं. सून सासूला म्हणत होती, तू मारलं. आणि दोघींना तेवढंही पुरेना, तेव्हा दोघींनी तुळसाला धरलं होतं. "तुले ठाव व्हतं ना? मंग काब्र सांगं नही?" पोरगी कोपऱ्यात चुलीशेजारी बसली होती. दोन दिवस पोटात काही नव्हतं. बोलत नव्हती. तिचा एक हात कमरेशी असा वाकडा धरलेला होता, कडेवर पोर असताना धरतात तसा. मी तिच्याशी बोलले, ती माझ्याकडे बघेना. सुपडाबाईला मी सांगू लागले की ही आली होती, पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. बाप म्हणाला, "बाई, आम्हले आमना दुःखमा ऱ्हाऊ द्या." मी परत आले.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी मुलं अफूने, देवीने, भुकेने गेलेली पाहिली. पण मूल आतून विझताना पाहणं त्याहून वाईट. तुळसा अशीच राहिली तर हंगाम संपेपर्यंत तीही जाईल, याबद्दल मला शंका नव्हती. आणि कुणीतरी म्हणेल, दुबळी होती. जिच्या आईने, आजीने आणि सगळ्या जगाने तिला सांगितलं की तुझा भाऊ तुझ्यामुळे मेला, ती आठ-नऊ वर्षांची मुलगी दुबळी!

सुतक पुरं फिटायच्या आतच सुपडाबाईला कामावर यावं लागलं. मॅनेजरचा निरोपच तसा होता. बाकीच्या बायका तिच्या सोबतीला म्हणून एकत्र आल्या. सगळ्यांच्या मागे तुळसा. तिला घरात एकटी ठेवायची भीती शेजारीण धुरपाबाईला वाटली होती, म्हणून तिनेच तिला ओढून आणलं होतं. या धुरपाबाईबद्दल एवढंच सांगते की अंगाने धिप्पाड, तोंडाने फाटकी आणि शेडमध्ये तिच्या यंत्राइतकी रुई कुणाच्याच यंत्रातून पडत नसे. तिचं पोर चार-पाच महिन्यांचं. त्याची बहीणही मागे होती.

फाटकाशी धुरपाबाई थांबली. पोर स्वतःच्या कडेवरून काढलं आणि आपल्या मुलीकडे न देता तुळसापुढे धरलं.

"धर व माय. आज मना पोऱ्या तुनाकडे."

तुळसा मागे सरली. त्या दिवसानंतर तिच्या तोंडून पहिला शब्द तेव्हा निघाला. "मना हातमा नको. मी सांगं नही. मनामुळे भिकन मरी गया."

जमादार काठी घेऊन पुढे आला. धुरपाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पहिले हाई पोर मझार जाई, मंग मी." आणि ती फाटकासमोर धुळीत बसली. तिच्या मागच्या बायका बसल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी भाषण केलं नाही. भोंगा वाजला. एकही उठली नाही. आतली यंत्रं रिकामी फिरायला लागली की त्यांचा आवाज बदलतो, तो बाहेरही कळतो. मॅनेजर धावत आला. अंगणात कपाशीचे डोंगर आणि आभाळात अवेळी ढग.

माईसाहेबांची मोटार नेमकी त्याच वेळी आली. त्यांना कुणीतरी आधीच कळवलं असावं. त्या उतरल्या, तुळसापाशी गेल्या. मी सांगितलं ना, मनाने त्या वाईट नव्हत्या. त्या तिच्यासमोर वाकल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळ, असं मनाला लावून घेऊ नकोस. देवाच्या मनात होतं. तुझ्याकडून उशीर झाला, त्याबद्दल तुला कुणी काही म्हणणार नाही. आम्ही तुला चांगल्या आश्रमात ठेवू, तिथे तू सगळं विसरशील."

माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग लागली. पाळणाघराच्या बाईने समितीच्या चिटणीसबाईंशी कसं बोलावं हे मला ठाऊक होतं. ते मी सगळं बाजूला ठेवलं.

"तिला उशीर झाला नव्हता!" मी ओरडले. "तुळसा, इकडे बघ. माझ्याकडे बघ. तू वेळेवर आली होतीस. धावत आली होतीस. हे फाटक बंद होतं. तू बंद केलं नव्हतंस, आम्ही केलं होतं. उघडं असतं तर तू मला सांगितलं असतंस, मी त्याला वांती करवली असती, आणि तुझा भाऊ आज तुझ्या कडेवर असता. देवाचं नाव यात घेऊ नका कुणी. देव फाटकावर काठी घेऊन उभा नव्हता."

माईसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मॅनेजर म्हणाला, "अक्का, तोंड सांभाळा." मी म्हटलं, "मुलं सांभाळायला ठेवलंय मला, तोंड सांभाळायला नाही."

आणि मग तो म्हातारा जमादार, ज्याच्याकडून मी कसलीच अपेक्षा केली नव्हती, तो बोलला. मॅनेजरकडे पाहून नाही, सुपडाबाईकडे पाहून. "आयी थी, बाई. सुबह से आयी थी. बार बार आयी. मैंने ही नहीं छोडा."

सुपडाबाई तोवर फाटकाच्या खांबाला टेकून मेल्यासारखी उभी होती. ती वळली. "उनी व्हती?" तिने विचारलं. "मनी आंडेर, मनी तुळसा, उनी व्हती?"

"आयी थी."

ती तुळसापाशी गेली. मला वाटलं मिठी मारेल. तिने तसं काही केलं नाही. तिने पोरीचा तो कमरेशी वाकडा धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, धुरपाबाईचं पोर घेतलं आणि त्या हातावर ठेवलं. पोराने तुळसाचे केस पकडले, पोरं पकडतात तसे. तुळसाने त्याला सोडवलं नाही, सावरून घेतलं.

जमादाराने हुकमाची वाट न बघता फाटक उघडलं. मुली आपापली पोरं घेऊन आत आल्या, मागून बायका आल्या. माईसाहेब मोटारीत बसून गेल्या. पुढच्या अहवालात मोठ्या बहिणींची मदत घेण्याची अभिनव योजना समितीने सुरू केल्याचं छापून आलं. मला कुणी काढलं नाही. कपास पडून होती आणि माझ्या जागी बसायला कुणी तयार नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

तुळसा आत येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली. धुरपाबाईचं पोर तिच्या मांडीवर होतं. थोड्या वेळाने ती रडायला लागली, मोठमोठ्याने, भिकनचं नाव घेऊन. तिचं पाहून पोरं रडायला लागली, एकेक करून सगळी. पाळणाघरात तसा गोंगाट मी पुन्हा कधी ऐकला नाही. मॅनेजरने निरोप धाडला, हे काय चाललंय, गप्प करा. मी शिपायाला दारातूनच परत पाठवलं. दुपारपर्यंत ती रडली. मी कुणालाही तिला गप्प करू दिलं नाही.